विश्वाला वेस आहे काय?

विश्व पसरते आहे, हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक झाले आहे. आणि ते ऐकताच पोर पहिला प्रश्न विचारते तो असा, की पसरते आहे तर कशात? या प्रश्नावर थोरामोठ्यांच्या दोन तऱ्हा आम्ही पाहिल्या आहेत. एक गृहस्थ म्हणतात, "प्रश्नच अर्थशून्य आहे, आधी गणित शीक." दुसरे डोळे अर्धवट मिटून म्हणतात, "ते सारे आपल्या ऋषींनी कधीच सांगून ठेवले आहे." पहिल्यांनी पोराचे तोंड बंद केले, दुसऱ्यांनी डोके. दोघांचाही आम्हांला मनापासून राग आहे, आणि दिवाळीत फटाक्यांबरोबर तोही उडवून टाकावा म्हणून हा लेखनप्रपंच.

अर्थशून्य म्हणे! प्लेटोचा समकालीन आर्कायटस याने हाच प्रश्न घातला होता. आकाशाच्या अगदी शेवटच्या कडेला मी जाऊन उभा राहिलो, तर हातातली काठी पुढे करता येईल की नाही? आली, तर पुढे जागा आहे. न आली, तर अडविणारे काही तरी आहे. ॲरिस्टॉटलने यावर निकाल दिला, की आकाशाबाहेर जागाही नाही आणि पोकळीही नाही. त्यालाही तेवीसशे वर्षे होऊन गेली. ज्या प्रश्नाचे उत्तर ॲरिस्टॉटलला द्यावेसे वाटले, तो झुरळासारखा झटकून टाकणारे हे कोण लागून गेले?

खोट प्रश्नात नाही, शब्दात आहे. फराळाच्या ताटातलेच उदाहरण घेऊ. अनारसा तुपात सोडला की पसरतो, आणि त्याच्यावरची खसखस एकमेकींपासून दूर जाते. एका दाण्यावर बसून पाहिले तर बाकीचे सारे दाणे पळताना दिसतील, आणि जो जितका लांब तो तितका वेगाने. १९२९ साली एडविन हबलने दीर्घिकांविषयी हेच मोजून दाखविले; त्याच्याही आधी, १९२७ साली, लमेत्र नावाच्या बेल्जियन पाद्रीबोवांनी ते गणिताने काढले होते. आता नीट पाहा. मोजले काय? दाण्यादाण्यांतले अंतर. अनारशाची कड सरकताना कोणी पाहिलेली नाही, आणि कढई तर नाहीच नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणांना कढई लागत नाही. अंतरे वाढतात एवढ्यावर त्यांचे भागते. अनारसा चहूंकडे अनंत असला, त्याला कडच नसली, तरीही त्यावरची खसखस विरळ होऊ शकते. (अनारसा तुपात विस्कटला की आमच्याकडे तो 'हसला' म्हणतात. विश्वही पुढेमागे असेच हसेल काय, याची चर्चा शास्त्रज्ञांत चालते, पण तो निराळा विषय.)

तेव्हा 'बाहेर' हा शब्द येथे गैरलागू. तो उंबरठ्याचा आणि वेशीचा शब्द आहे. घर असले तरच घराबाहेर. पण मराठीने आपल्याला 'पलीकडे' असा दुसरा शब्द दिला आहे, आणि त्याला वेस लागत नाही, आपली नजर थिटी पडली की पुरते. रत्नागिरीच्या किल्ल्यावरून दिसणारा समुद्र क्षितिजाशी संपत नाही, हे कोळ्याच्या पोराला सांगावे लागत नाही.

विश्वालाही असे क्षितिज आहे. त्याचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे. त्याहून जुना प्रकाश आपल्यापर्यंत येणार कोठून? तो प्रकाश वाटेत असतानाच अंतरे वाढत गेली, म्हणून आज त्या क्षितिजाचे अंतर सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षे भरते. तेथे जग संपते असे मानायला काडीचाही आधार नाही. १९६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना विश्वाच्या बाल्यातली धग सापडली. ती आकाशाच्या या टोकाला पाहा की त्या टोकाला, फरक लाखात एका भागाच्या आसपास. अवकाशाची वक्रता मोजू गेले, तर ती मोजमापाच्या अचूकतेत शून्य येते. म्हणजे पलीकडे जे आहे ते अलीकडच्यासारखेच, आणि पुष्कळ आहे, कदाचित अनंत. "सारे विश्व मोहरीएवढे होते" हे वाक्य जो तो ठोकून देतो, तेही म्हणूनच तपासून घ्यावे. मोहरीएवढे होते ते आपल्याला दिसणारे विश्व. सगळे जर अनंत असेल, तर ते तेव्हाही अनंतच होते.

येथवर ठीक. पण पलीकडचा हा दरवाजा किलकिला होताच आत घुसणाऱ्यांची गर्दी पाहा! कोणी तेथे असंख्य विश्वांचे बुडबुडे उडवितो आणि त्यांतल्या एकात आपली नोकरी टिकली आहे असे सांगतो. ॲलन गूथने १९८१ साली मांडलेल्या फुगवट्याच्या कल्पनेतून असे बुडबुडे निघू शकतात, हे खरे. पण असा बुडबुडा आपल्या आकाशाला घासून गेल्याची निर्विवाद खूण अजून कोणाला मिळालेली नाही. आणि ऋषींचे मुखत्यार तर आपल्याकडे दर आळीला एक! नासदीय सूक्त त्यांनी नुसते वाचले असते तरी पुरे होते. ते सूक्त प्रश्न विचारते आणि शेवटही शंकेवरच करते. ज्यांनी शंका घेतली त्यांच्या तोंडी उत्तर कोंबायचे, आणि वर त्यालाच अभिमान म्हणायचे!

वाद कसा घालावा हे आपल्याच माणसाकडून शिकता आले असते. १९४८ साली हॉयल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीचे विश्व मांडले: विश्व पसरते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहते, म्हणून ते सर्वकाळ सारखेच दिसते. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी केंब्रिजला हॉयलबरोबर हा पक्ष लढविला, आणि महास्फोटावरचा आक्षेप त्यांनी २०२५ साली पुण्यात निधन होईपर्यंत सोडला नाही. बहुतेकांच्या मते १९६५च्या त्या धगीने या पक्षाचा निकाल लावला. आम्ही म्हणतो, हीच त्या पक्षाची इभ्रत. आपल्याला खोटे कसे पाडता येईल हे त्याने आधीच सांगून ठेवले होते. बुडबुडेवाल्यांना आणि मुखत्यारांना हे विचारून पाहा; विषय बदलतात. आणि गंमत अशी, की दोन्ही पक्ष एवढे भांडले, पण विश्वाला पसरण्यासाठी बाहेरची जागा लागते असे त्यांतल्या एकानेही म्हटले नाही.

पलीकडचे पाहायला आपण पुढेमागे जाऊच, असे कोणी समजत असेल तर तेही नाही. विस्ताराचा वेग वाढतो आहे, हे १९९८ साली दिसून आले. सोळा-सतराशे कोटी प्रकाशवर्षांच्या पुढची दीर्घिका आज जो प्रकाश सोडते, तो आपल्याकडे कधीच पोहोचणार नाही. तिचे आपण पाहतो ते जुने पत्र. हा वेग असाच राहिला, तर हजारो कोटी वर्षांनी येथल्या आकाशात आपल्या शेजारच्या चार दीर्घिकांच्या एकजीव गोळ्यापलीकडे काही उरणार नाही. त्या वेळचे विद्वान उत्तम दुर्बिणी लावतील, काटेकोर मोजमापे घेतील, आणि पलीकडे काही नाही असे सिद्ध करतील. त्यांच्या शाळेतले पोर मात्र विचारीलच.