उन्हातली वारी

वारी म्हटली की डोळ्यांपुढे दिवे घाट आणि आषाढसरी येतात. आमच्या विदर्भाची वारी मात्र उन्हात निघते. वर्धातीरीचे कौंडण्यपूर, म्हणजे रुक्मिणीचे माहेर, आणि शेगाव येथील पालख्या ज्येष्ठातच वाटेला लागतात. ज्येष्ठातले ऊन नागपूरकरांना सांगायला नको! आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. शेगावहून ७०० च्या आसपास, तेही मराठवाड्याच्या उघड्या माळरानातून. रस्ते रुंद करताना कडेचे कडुनिंब तोडले जातात आणि आपण स्वागताच्या कमानी उभारतो. कमानीखाली वारकरी किती वेळ विसावणार? आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने यंदाचे शिबिर कौंडण्यपूरच्या वाटेवर घ्यावे, झाडे लावावीत आणि गावकऱ्यांच्या मदतीने निदान तीन उन्हाळे ती जगवावीत. नुसते रोप लावून फोटो काढणे पुष्कळ झाले.