भट्टी पेटली, चूल?

कलेपायी बिऱ्हाड हलवणाऱ्यांत मला बर्नार्ड लीच आठवतो. 1920 साली हा कुंभार जपानमधला जम सोडून बायकामुलांसह इंग्लंडच्या टोकाला, सेंट आइव्ह्जला आला. सोबत जपानी कुंभार हामादा शोजी. दोघांनी तिथे जपानी धर्तीची चढती भट्टी बांधली. गंमत बघा, भट्टीच्या पोटाला लाकूड ढीगभर हवं आणि त्या भागात झाडांचीच वानवा! पैशांची ओढाताण कायमची. पुढे मुलगा डेव्हिड भांड्यांच्या कारखान्यांच्या स्टोक शहरात जाऊन चक्क कारखानदारी तंत्र शिकून आला, भट्टी तेलावर आणली. रोजच्या वापरातल्या भांड्यांवर भर दिला, तेव्हा कुठे हिशेब जुळायला लागला. मधली वर्षं लीचच्या बायकोने, म्युरिएलबाईंनी, घर कसं रेटलं असेल, हे मला लीचच्या झिलईपेक्षा जास्त वाचायला आवडेल.