टाकाऊ टाकीची मोटार

जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणें आपणांस नवें नाहीं. परंतु टाकाऊ टाकीची मोटार करून वाऱ्याशीं पैज लावावी, ही कल्पना अमेरिकेंतील बिल बर्क यांची. दुसऱ्या महायुद्धांत लढाऊ विमानांखालीं पेट्रोलच्या जादा टाक्या टांगीत व रिकाम्या होतांच सोडून देत. थेंबाप्रमाणें निमुळती अशी ती टाकी बर्क यांनीं दक्षिण पॅसिफिकमध्यें पाहिली आणि १९४६ सालीं तिच्या पोटांत एंजिन बसवून ती कॅलिफोर्नियांतील कोरड्या तळ्यावर पळविली.

हा केवळ काटकसरीचा प्रश्न नव्हे. मोटारीचा वेग दुप्पट झाला, कीं हवेचा विरोध चौपट होतो; आणि त्यास तोंड देण्यास शक्ति आठपट लागते. तेव्हां एंजिन वाढविण्यापूर्वीं अंग निमुळतें करणें शहाणपणाचें. पहिल्या गाडींत एंजिन पुढें असे व चालक मागें, अर्धा उघड्यावर. पुढें बर्क यांनीं लाइटनिंग विमानाची मोठी टाकी घेऊन चालकास पुढें व एंजिनास मागें, असें दोहोंस आंत घेतलें; चाकें तेवढीं बाहेर राहिलीं. याच धर्तीच्या, अ‍ॅलेक्स झायडियस यांच्या गाडीनें १९५२ सालीं ताशीं १९८ मैलांचा वेग गांठला.

१९४९ पासून यूटा संस्थानांतील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर या शर्यतींचा सप्ताह भरूं लागला. तेथील मिठाचा थर मात्र कित्येक दशकें झिजत आला आहे. २०१४ व २०१५ सालीं मैदान खराब झाल्यानें सप्ताह रद्द करावा लागला. टाकाऊ टाकींतून मोटार घडते. झिजलेली भूमि मात्र कोणत्याहि कारखान्यांत घडत नाहीं.