शॉकअप बदलण्याआधी तेल बदला

चंडीगडहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातले. यजमान लष्करातून निवृत्त होऊन तिकडेच स्थायिक झाले, मुलगा मोहालीत नोकरी करतो. त्याच्याकडे हीरोची एक्सपल्स २०० ही गाडी आहे आणि सप्टेंबरात मित्रांबरोबर स्पितीला जायचा बेत आहे. त्याआधी त्याला गाडीचे पुढचे शॉकअप काढून दुसरे, भारी बसवायचे आहेत. खर्च पन्नास हजारांच्या घरात. वडील म्हणतात, चांगल्या चालत्या गाडीची मोडतोड कशाला? मुलगा म्हणतो, सुरक्षिततेसाठी. "सुरक्षिततेचे नाव काढले की आईला नाही म्हणवत नाही. पैसे द्यावेत की नाही, एवढेच सांगा," असे या बाई लिहितात.

उत्तर आधीच देऊन टाकतो. आत्ता पन्नास हजार देऊ नका, दोन-तीन हजार द्या. मात्र मुलगा उगाच हट्ट करतो आहे असेही समजू नका. त्याची तक्रार बहुधा खरी आहे. त्याने शोधलेले औषध तेवढे जरा महाग आहे.

ही गाडी कोणत्या जातीची ते आधी पाहू. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालावी अशी मोटरसायकल आपल्याकडे मध्यमवर्गीय खिशाला परवडणाऱ्या दरात फारशी मिळत नसे. हीरोने २०११ मध्ये इम्पल्स आणली, ती फार काळ टिकली नाही. मे २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली ती ९७ हजारांपासून. पुढे २१ इंची तारांचे चाक, खाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, आणि पुढचे शॉकअप १९० मिलिमीटर दबणारे. या किमतीत हे पुष्कळच होते. पण किंमत राखायची तर कुठेतरी साधेपणा पत्करावा लागतो. तो पुढच्या शॉकअपच्या आत आहे.

शॉकअपच्या प्रत्येक पायात दोनच गोष्टी काम करतात, स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग वजन पेलते, तेल तिचे नाचणे आवरते. चाक खड्ड्यात आदळले की नळी खाली-वर होते आणि तेल लहान छिद्रांतून इकडून तिकडे ढकलले जाते. होळीची पिचकारी आठवा. दट्ट्या सावकाश दाबला तर हाताला काही जाणवत नाही, जोरात दाबायला गेलात तर तो हाताला विरोध करतो. साध्या शॉकअपचे दुखणे नेमके हेच. ब्रेक लावल्यावर नळी हळू दबते, तेव्हा तेलाचा अडसर कमी पडतो आणि गाडी नाक खाली घालते. धोंड्यावर चाक आपटते तेव्हा नळी झटक्यात दबते, तेल छिद्रांतून पुरेसे जात नाही आणि दणका थेट मनगटात येतो. म्हणजे एकाच वेळी फार मऊ आणि फार कडक. महागड्या शॉकअपमध्ये छिद्रांऐवजी पातळ पत्र्यांच्या चकत्यांचे व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे हे दोन्ही स्वभाव वेगवेगळे आवरता येतात. मुलाला हवे आहे ते हेच, आणि त्यात गैर काही नाही.

चंडीगडमध्ये हे दुखणे सहसा कळत नाही. सेक्टरांमधले रुंद रस्ते, ठरावीक अंतरावरची वर्तुळे. सुखना तलावापर्यंत जाऊन यायला कोणतेही शॉकअप चालतात. पण अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरून कोकसरवरून ग्रांफूला वळलात की पुढे बातल, कुंझुम आणि लोसरपर्यंतची वाट म्हणजे बरेचसे गोटे, वाळू आणि रस्ता ओलांडणारे ओढे. तिथे सामान लादलेली गाडी दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालते. वर्षातले पंधरा दिवस ही वाट आणि उरलेले साडेअकरा महिने मोहालीचे ऑफिस, हा हिशेब पन्नास हजार मोजण्यापूर्वी मुलाने स्वतःशी मांडावा.

आता तपासणी. हिला मेकॅनिक लागत नाही. घरातली तीन माणसे आणि शिंप्याची टेप पुरे. गाडीला खालून पक्का आधार देऊन पुढचे चाक हवेत उचला आणि चाकाच्या आसापासून वरच्या एखाद्या ठरलेल्या बोल्टापर्यंतचे अंतर मोजा. मग चाक जमिनीवर टेकवा. मुलाने हेल्मेट, जॅकेट घालून, सहलीचे सामान बांधून गाडीवर बसायचे, एकाने गाडी सरळ धरायची, तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचे. दोन मापांतला फरक म्हणजे नुसत्या वजनाने खर्च झालेली दाब. १९० मिलिमीटरांपैकी साधारण पाव ते तीस टक्के, म्हणजे ५० ते ५७ मिलिमीटर एवढी ती असावी. ती ७५-८० भरली, तर खड्डा येण्याआधीच चाळीस टक्के ऐवज संपला. पहिल्या तारखेलाच निम्मा पगार हप्त्यांत गेल्यावर महिनाअखेरीचे जे होते, तेच अशा गाडीचे बातलच्या धोंड्यांवर होते.

माप जास्त आले तर दोन उपाय आहेत आणि त्यांत लोक हमखास गल्लत करतात. पहिला उपाय स्प्रिंगवर आतला तुकडा थोडा लांब घालण्याचा. प्लंबरकडच्या जाड पीव्हीसी पाइपचा, दोन्ही तोंडे काटकोनात कापलेला तुकडाही चालतो. काही गाड्यांत वरच्या टोपणावर यासाठी स्क्रूच असतो. यामुळे गाडी थोडी वर उभी राहते, पण स्प्रिंग कडक होत नाही. मुलगा सडपातळ असेल, तर एवढ्याने भागेल. तो नव्वद किलोचा असेल आणि मागे मित्र बसणार असेल, तर जाड तारेची स्प्रिंगच हवी. पीव्हीसीचे तुकडे वाढवत बसलात तर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना भिडतील आणि शॉकअप मध्येच ठप्प होईल. सूचना एकच, पण महत्त्वाची. वरचे टोपण स्प्रिंगच्या ताणाखाली असते. ते उघडताना तोंड त्यावर आणू नये, आणि गाडीचा पुढचा भाग पक्का उचललेला असल्याशिवाय हात लावू नये.

आणि तेल! इंजिनाचे तेल आपण वेळेवर बदलतो, कारण मेकॅनिक आठवण करतो. शॉकअपच्या तेलाची आठवण कुणी करत नाही. ते वर्षानुवर्षे आत फिरत राहते. त्यात धातूची भुकटी आणि ओल उतरते आणि ते काळे पाणी होते. गाडी उभी करून पुढून दोन-तीनदा जोरात दाबून सोडा. ती एकदा वर येऊन स्थिरावली तर तेल शाबूत आहे. वर येऊन पुन्हा एक-दोनदा डोलली तर 'शॉकअप गेले' असे मेकॅनिक सांगेल, पण पुष्कळदा गेलेले असते ते फक्त तेल. नवे तेल घालताना दोन्ही पायांत ते सारखे आहे हे मापून घ्यावे. स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण खाली दाबलेली, आणि वरच्या कडेपासून तेलापर्यंतचे अंतर गाडीच्या पुस्तकात दिले असेल तेवढे. गाडी खड्ड्यांत तळाला आपटत असेल, तर तेलाची पातळी पाच-दहा मिलिमीटर वाढवून पाहता येते. वरची कोंडलेली हवा कमी झाली की शेवटच्या टप्प्यात तीच उशीचे काम करते. थोडे घट्ट तेल घातले तर नाचणे कमी होते, पण फार घट्ट घालू नका. कुंझुमच्या थंडीत ते आणखी घट्ट होते.

कुंझुमचे नाव निघाले म्हणून एक गंमत. चंडीगड समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वातीनशे मीटरवर, कुंझुम साडेचार हजारांहून वर. तिथे बाहेरच्या हवेचा दाब चंडीगडच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो. शॉकअपमध्ये कोंडलेली हवा मात्र चंडीगडचीच. एक्सपल्सच्या ३७ मिलिमीटर जाडीच्या नळीचा हिशेब केला, तर प्रत्येक पायात सुमारे चार किलोचा जादा जोर आतून बाहेर लोटू लागतो. चांगल्या सीलला हे काहीच नाही. पण चिखलाने चरे पडलेले सील घरी नुसते पाझरत असते, ते वर गेल्यावर जास्तच गळू लागते, आणि तेच तेल ब्रेकच्या चकतीवर आले तर उतारावर काय होईल ते सांगायला नको. म्हणून तेलाबरोबर सीलही बदलावे. नुकतेच पाझरू लागलेले सील कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची पट्टी आत फिरवून साफ करता येते. अडकलेला कण निघाला तर पुष्कळदा पाझर थांबतो.

एवढे सगळे मनिमाजऱ्याच्या मोटर मार्केटात कोणताही जाणता कारागीर एका दिवसात करून देईल. त्याच दिवशी हँडलचा कोनसेट सैल आहे का तेही पाहायला सांगा. त्याची खडखड शॉकअपच्या माथी मारली जाते.

आता पन्नास हजारांच्या वस्तूकडे येऊ. जाड नळी वर आणि बारीक खाली, असे उलटे, सोनेरी शॉकअप तरुणांना फार आवडतात. अपघातात सापडलेल्या केटीएमचे असे शॉकअप जुन्या बाजारात मिळतात. केटीएमच्या या गाड्या आपल्या चाकणलाच बनतात. दिसायला देखणे, नळी ४३ मिलिमीटरची, ब्रेक लावल्यावर पीळ कमी. हे गुण खरे. पण २०२० मध्ये आलेल्या ३९० अ‍ॅडव्हेंचरचे शॉकअप दबतात १७० मिलिमीटर, आणि ड्यूकचे त्याहूनही कमी. म्हणजे पैसे मोजून मुलगा वीस मिलिमीटर गमावणार! शिवाय चाकाचा आस, ब्रेकचा जबडा, नळ्या धरणारे वरचे-खालचे जोड, यातले काहीच सरळ बसत नाही. कुठेतरी लेथवर कातावे लागते, कुठे वेल्डिंग. सुरक्षिततेसाठी निघालेली गाडी शेवटी एका वेल्डिंगच्या भरवशावर घाटात उतरते.

उलट जास्त लांब शॉकअप बसवले तरी सगळे आलबेल नाही. नुसते पुढचेच साठ मिलिमीटर वाढवले तर उभ्या गाडीचे तोंड दोन अंशांच्या आसपास वर उचलले जाते आणि वळताना ती जड वाटू लागते. म्हणून मागचेही वाढवावे लागतात. हीरोने २०२० मध्ये ३८ हजारांना रॅली किट काढले, त्यात नुसते पुढचे शॉकअप नव्हते. मागचा शॉकअप, सीट, टायर, लांब साइड स्टँड असा सगळा संसार होता. २०२३ च्या 'प्रो' गाडीत तर हे कारखान्यातूनच आले. पुढे २५० मिलिमीटर, मागे २२०, आणि सीटची उंची ८२५ वरून ८९१ मिलिमीटर. पत्र लिहिणाऱ्या बाईंनी मुलाची उंची कळवलेली नाही. पण पाय टेकत नसतील, तर वाहत्या ओढ्यात गोट्यावर गाडी कलल्यावर ती सावरणार कशी? मला स्वतःला तिथे उंच शॉकअपपेक्षा जमिनीला टेकलेला बूट अधिक मोलाचा वाटतो. मुलगा सहा फुटी असेल आणि त्याला खरोखर कच्च्या वाटांचीच आवड असेल, तर तुकडे जोडत बसण्यापेक्षा आपली गाडी विकून 'प्रो' घेणे स्वस्त पडेल.

लष्करी शिस्तीतल्या वडिलांना कायद्याची बाजू नक्की पटेल. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणी करताना असलेले गाडीचे मूळ रूप परस्पर बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवले. तेल, सील आणि मूळ मापाची स्प्रिंग ही दुरुस्ती झाली. दुसऱ्या गाडीचे शॉकअप कापून बसवणे वेगळे. विमा कंपनीला न कळवता केलेला असा बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो, आणि घरच्यांनी खरी काळजी करायची ती याची.

काम झाल्यावर लगेच स्पिती गाठू नये. एखाद्या रविवारी सगळे सामान बांधून मोरनीच्या डोंगरात जाऊन यावे. निघताना दोन्ही नळ्यांना, सीलच्या अगदी वर, प्लॅस्टिकची एकेक बारीक पट्टी आवळावी. परत आल्यावर ती जिथे सरकून थांबली असेल, तिथपर्यंत शॉकअप दबले. पट्टी वर दोन-तीन सेंटिमीटर नळी शिल्लक ठेवून थांबली असेल तर निश्चिंत निघावे. पार टोकाला भिडली असेल तर जाड स्प्रिंग घालून पुन्हा मोरनी. आणि नळीवर तेलाचा ओला कडा दिसला, तर सील नीट बसलेले नाही. त्याच संध्याकाळी कारागिराकडे परत जावे.