वादळ ‘चक्रीवादळ’ केव्हा ठरते?

12 ऑक्टोबर 2014 रोजी ‘हुडहुड’ हे अतितीव्र चक्रीवादळ विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर धडकले. दोन दिवसांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी वाराणसी या आपल्या मतदारसंघाला भेट देणार होते. तो दौरा रद्द करून ते विशाखापट्टणमला गेले. वादळ मात्र तोवर उत्तरेकडे, पूर्व उत्तर प्रदेशाच्या दिशेने निघाले होते. तेथे पोहोचेपर्यंत हवामान विभागाच्या लेखी ते चक्रीवादळ उरले नव्हते, केवळ कमी दाबाचे क्षेत्र होते. त्याच 14 तारखेला नेपाळमधील अन्नपूर्णा परिसरात या प्रणालीमुळे झालेल्या हिमवृष्टीत आणि हिमस्खलनात चाळीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला.

मग त्या दिवशी ते वादळ होते की नव्हते?

भारतीय हवामान विभागाची कसोटी वाऱ्याच्या वेगाची आहे. सलग तीन मिनिटांच्या सरासरीने मोजलेला वेग ताशी 62 किलोमीटर झाला की प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात आणि नाव मिळते. उत्तर हिंदी महासागरात नावे देण्याची पद्धत 2004 मध्ये सुरू झाली. वेग 61 किलोमीटरपर्यंतच असेल तर नाव नाही. पाऊस किती पडेल, याचा या वर्गवारीशी थेट संबंध नाही.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या ‘नॉरईस्टर’ वादळांची व्याख्या निराळ्या अंगाने केली जाते. तेथे वेगाची सीमारेषा नाही. कमी दाबाचे केंद्र अटलांटिक किनाऱ्यालगत असावे आणि किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून यावा, एवढे पुरे. वारा ईशान्येचा असला तरी वादळ स्वतः नैर्ऋत्येकडून सरकत येते. 1743 च्या ऑक्टोबरमध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांना फिलाडेल्फियात वादळामुळे चंद्रग्रहण दिसले नाही. ईशान्येकडील बॉस्टनमध्ये त्यांच्या भावाला मात्र ते दिसले, आणि वादळ तेथे नंतर पोहोचले. वाऱ्याची दिशा आणि वादळाची दिशा एक नसते, हे त्यातून उमगले.

ही दिशेची कसोटी वाराणसीच्या शिंदे घाटावर उभे राहिल्यास अधिक उपयोगी वाटते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी 1830 मध्ये बांधवलेला हा घाट, काशीच्या इतर घाटांप्रमाणेच, पूर्वाभिमुख आहे. समोर गंगेचे विस्तीर्ण, मोकळे पात्र. कमी दाबाचे केंद्र शहराच्या दक्षिणेकडून सरकत असेल, तर येथे वारा पूर्वेचा वा ईशान्येचा होतो आणि पात्र ओलांडून थेट पायऱ्यांवर येतो. पुरवा आणि पछुआ हा भेद या भागात सर्वांच्या परिचयाचा आहे. बांधून ठेवलेल्या नावेच्या दृष्टीने 62 किलोमीटरची रेषा दुय्यम. वारा कोणत्या अंगाने येतो, हे महत्त्वाचे.

पुराचेही तसेच आहे. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी 71.262 मीटर आहे. ऑगस्ट 2021 आणि ऑगस्ट 2025 मध्ये नदीने ती ओलांडली. या दोन्ही महिन्यांत बंगालच्या उपसागरात नाव मिळालेले एकही चक्रीवादळ नव्हते. घाटाच्या पायथ्याशी असलेले रत्नेश्वर महादेवाचे कललेले मंदिर पाण्यात बुडते, ते बहुतेक वेळा निनावी पावसानेच.

मराठी वाचकांना यासाठी काशीपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ तीव्र चक्रीवादळ होते. 26 जुलै 2005 रोजी मात्र मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यामागे चक्रीवादळ नव्हतेच.

येथे वृत्तानुवादकांनी आपला दोषही मान्य केला पाहिजे. ‘चक्राकार वाऱ्यांची स्थिती’ हा सौम्य प्रकार घाईत ‘चक्रीवादळ’ होऊन बसतो, तर बंदिस्त ‘क्षेत्र’ आणि लांबट ‘पट्टा’ हे दोन भिन्न शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पहिल्या चुकीने उगाच घबराट पसरते. पण अधिक घातक ठरते ती ‘चक्रीवादळाचा जोर ओसरला’ ही ओळ. ती चुकीची नसते, अपुरी असते. जोर वाऱ्याचा ओसरलेला असतो, पावसाचा नव्हे.

मदतीच्या निकषांतही नावाला वजन आहे. 2021 ते 2026 या काळासाठीच्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय यादीत चक्रीवादळ, पूर, गारपीट आणि ढगफुटी होती; वीज कोसळणे नव्हते. यादीबाहेरच्या स्थानिक आपत्तींसाठी राज्यांना या निधीतील 10 टक्क्यांपर्यंतच रक्कम खर्च करण्याची मुभा होती. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, नाव गमावलेल्या वादळाच्या वाऱ्याने एखाद्याची नाव फुटली, तर पंचनाम्यात कारण काय लिहावे, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ शब्दांचा राहत नाही. 26 मे 2021 रोजी ओडिशात बालासोरजवळ आलेले ‘यास’ पुढे झारखंड आणि बिहारकडे सरकले, तेव्हा त्याचीही पायरी दर काही तासांनी उतरत होती. पाऊस मात्र पूर्व उत्तर प्रदेशापर्यंत पोहोचला.