पाचटाची भाजणी

थालिपीठाची भाजणी आणि वीजकेंद्रातलं इंधन यांचा काही संबंध असेल असं सांगून कोणाला पटणार नाही. पण आहे. टॉरिफॅक्शन नावाची एक प्रक्रिया आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थच भाजणं, कॉफीच्या बिया भाजतात तेच. उसाचं पाचट, भाताचा पेंढा, तुराट्या, पऱ्हाट्या असा वाळका माल हवा जवळजवळ बंद ठेवून २०० ते ३०० अंश सेल्सिअसला भाजायचा. जाळायचा नाही बरं का, भाजायचा!

याने होतं काय? आधी पाणी उडतं. मग हेमिसेल्युलोज नावाचा, ओल धरून ठेवणारा भाग मोडतो. वजन साधारण ३० टक्क्यांनी घटतं, पण ऊर्जा जाते ती १० टक्क्यांच्या आसपासच. हाती उरतो तो तपकिरी, कुरकुरीत, सहजी पाणी न पिणारा माल. कच्ची काडी चिवट असते, कोळसा दळायच्या चक्कीत ती नीट दळली जात नाही. भाजलेली मात्र मुकाट्याने दळली जाते.

आता हे सगळं आजच का सांगतोय? केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ साली धोरण आणलं, की औष्णिक केंद्रांनी कोळशात ५ टक्के जैवभाराच्या गोळ्या मिसळाव्यात. तेव्हापासून चर्चा होते ती पंजाब-हरियाणाच्या पेंढ्याची आणि दिल्लीच्या धुराची. आपल्याकडे पश्चिम महाराष्ट्रात ऊस तुटला की कित्येक शेतांत पाचट पेटवलं जातं, त्याचं कोणी फारसं बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही भाजणी शेताजवळ व्हायला हवी, वीजकेंद्राच्या दारात नाही.

हिशेब बघा. सैल पाचटाचं वजन एका घनमीटरला १०० किलोसुद्धा भरत नाही. ३० घनमीटरचा ट्रक शिगोशीग भरला तरी जेमतेम ३ टन, म्हणजे आपण डिझेल जाळून हवा वाहतो. त्याच मालाच्या दाबून केलेल्या गोळ्या घनमीटरला ६०० किलोच्या वर जातात. मोठी फाईल पाठवायची तर आपण ती आधी झिप करतो ना? सर्व्हरवर पोचल्यावर झिप करून काय उपयोग?

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, हे फार पूर्वी ओळखलं होतं. त्यांनी केला तो पाचटाचा कोळसा. पिंपात पाचट दाबून भरायचं, पिंपं विटांच्या भट्टीत ठेवायची, खाली थोडं पाचट पेटवायचं. पिंपातून निघणारा वायूच पेट घेऊन पुढची उष्णता देतो. मग कोळशाची भुकटी करून, खळ घालून कांड्या पाडायच्या. याला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. भट्टी इतकी साधी की गावात चालवता येते. पण या रीतीने कोळसा करताना साधारण निम्मी ऊर्जा वायूबरोबर निघून जाते. टॉरिफॅक्शनमध्ये ती वाचते, मात्र तापमान नीट सांभाळावं लागतं, नाहीतर माल एकतर कच्चा राहतो नाहीतर करपतो. डांबरट वायूचीही व्यवस्था लावावी लागते. एकट्या शेतकऱ्याला हे झेपणार नाही.

म्हणून मधली पायरी हवी, गुऱ्हाळापेक्षा मोठी आणि साखर कारखान्यापेक्षा लहान. पाच-दहा गावांना मिळून एक भट्टी. आचेची जाण आपल्याकडे नाही असं कोण म्हणेल? गुळव्या दुसरं काय करतो! आणि सभासद, वजनकाटा, बिलं ही सहकाराची घडी तर बसलेलीच आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पाचट रानातच कुजवलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, ओल टिकते, मग न्यायचंच कशाला? अगदी कबूल. खोडव्यात पाचटाचं आच्छादन ठेवणं केव्हाही चांगलं. मी बोलतोय ते काडी लावून जाळलं जाणारच आहे अशा पाचटाबद्दल: खोडवा मोडायचा आहे, पाण्याची पाळी आली आहे, मजूर मिळत नाही, तिथलं. शेतकरी अडाणी म्हणून जाळत नाही, काडीपेटी सगळ्यात स्वस्त पडते म्हणून जाळतो.

आणखी एक. भाजल्याने राख कमी होत नाही. पोटॅश मालातच राहतं आणि बॉयलरच्या नळ्यांना त्रास देतं. म्हणजे ही काही जादूची कांडी नाही.

खरा प्रश्न दराचा आहे. पाचट उचलायला गाडी येते तेव्हा ‘तुमचा कचरा साफ करून देतो’ अशी भाषा असेल, तर शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा काडीच लावेल, आणि त्यात त्याचं काय चुकलं? गोळा करण्याची मजुरी निघून वर चार पैसे सुटतील असा दर, कोरड्या वजनावर, बांधावरच ठरला पाहिजे. जो माल वीजकेंद्र पैसे मोजून घेतं, त्याला रानात असताना कचरा म्हणायचं, हा कुठला हिशेब?

तुम्हाला काय वाटतं? गावाकडे शेती असेल तर या वेळी घरी फोन कराल तेव्हा विचारा, आपल्या पाचटाचं काय होतं ते. उत्तर बहुतेक एकाच शब्दाचं येईल :)