एकच गुठळी, तीन खाती

या पानावर आपण बहुतेक वेळा दांडिया बाजारातले वाडे, गणपतीतली नाटकं, सुरसागरच्या काठचे कट्टे यांच्या आठवणी लिहितो. आज मी माझ्या उजव्या डोळ्याची गोष्ट लिहितोय. आठवण थोडी, तक्रार जास्त. लांब झालंय, पण घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकाने वाचावं अशी विनंती.

चार वर्षं झाली. खंडेनवमीच्या सकाळी झोपाळ्यावर पेपर वाचत होतो. उजव्या डोळ्यापुढे कोणी करडा पडदा ओढावा तसं झालं. दुखलं नाही, खुपलं नाही, डोळा लालही नाही. डावा शाबूत, म्हणून पेपर पूर्ण वाचला, हेही कबूल करतो. सौ. म्हणाली, "अहो, रात्री मोबाईल बघत बसता ना, त्याचं आहे. गुलाबपाण्याच्या घड्या ठेवा." ठेवल्या. दुपारी झोपलो. दुसऱ्या दिवशी दसरा, सगळं बंद. ओळखीच्या चष्मेवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "काका, कंई नथी, नंबर वध्यो हशे." तिसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं आणि म्हणाले, "काका, हा डोळ्याचा स्ट्रोक आहे. फार उशीर केलात."

किती उशीर? मूळचे पंजाबचे आणि पुढे अमेरिकेत आयोवाला स्थायिक झालेले डॉ. सोहनसिंग हयरे यांनी म्हाताऱ्या माकडांवर प्रयोग करून हे मोजलं होतं. रेटिनाची मुख्य धमनी ९७ मिनिटं बंद राहिली तर नुकसान दिसलं नाही, २४० मिनिटं राहिली तर रेटिना कायमची गेली. मी घड्या ठेवून झोपलो ती वेळ यातच संपली. अर्थात वेळेत पोहोचूनही खात्रीचा इलाज आजही नाही. पण साडेचार तासांच्या आत गेलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं का, याचा विचार तरी होतो.

आता मुद्द्यावर येतो. मला एक रात्र एका खाजगी हॉस्पिटलात ठेवलं. घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर निदान होतं "नजर अचानक कमी होणे" आणि पुढे कोड, एच ५३.१. पस्तीस वर्षं बँकेत खतावणी बघितलेल्या माणसाची नजर, एका डोळ्याची का असेना, कोडवर जाणारच. हा कोड आयसीडी नावाच्या यादीतला. १८९३ साली बर्टियाँ नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी केली, तिचाच हा वंश. आज ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे, आणि आपल्याकडे मेडिक्लेमच्या फॉर्ममध्ये हॉस्पिटलने भरायच्या भागात तिचा रकाना असतो.

एच ५३.१ म्हणजे दृष्टीच्या तक्रारी. काय झालं ते सांगतो, का झालं ते सांगत नाही. आमच्या भाषेत सस्पेन्स अकाउंट. कुठली एंट्री कुठे टाकायची कळत नसेल तर तिथे टाका, नंतर बघू. ते "नंतर" कधी येत नाही हे प्रत्येक बँकवाल्याला ठाऊक आहे. माझा खरा कोड एच ३४.१, म्हणजे रेटिनाची मुख्य धमनी बंद. शीर बंद झाली तरी लोक डोळ्याचा स्ट्रोकच म्हणतात, पण तो एच ३४.८, तिथे डोळ्यातल्या इंजेक्शनांनी बऱ्याच जणांची नजर सुधारते. म्हणून टिंबापुढचा आकडाही बघा.

त्याहून गंमत पुढे आहे. खंडेनवमीच्या दोन महिने आधी कमाटीबागेत फिरताना याच डोळ्यापुढे दहा मिनिटं अंधार आला होता. बाकावर बसलो, गेला. घरी सांगितलंही नाही. तर ती दहा मिनिटांची अंधारी याच यादीत जी ४५.३, म्हणजे मज्जासंस्थेच्या विभागात, मेंदूच्या छोट्या तात्पुरत्या झटक्यांच्या शेजारी. तसलीच गुठळी कायमची अडकली की एच, डोळ्यांचा विभाग. आणि थोडी वर जाऊन मेंदूत अडकली असती तर आय ६३, रक्ताभिसरण. एकच पार्टी, तीन लेजर! नव्या आयसीडी-११ मध्ये, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, मेंदूचा स्ट्रोक मज्जासंस्थेकडे नेला. डोळ्याची धमनी अजून डोळ्यांतच आहे. खरं तर अमेरिकेतल्या हृदयरोग आणि स्ट्रोकच्या संघटनांनी २०१३ सालीच स्ट्रोकच्या व्याख्येत रेटिना घेतली होती. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांसाठी अनेक भाषांचा कोश करवून घेतला होता, त्याची आठवण झाली.

तुम्ही म्हणाल, कोडने काय बिघडलं? डोळा तर आधीच गेला होता. ऐका. तीन आठवडे मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच जात होतो, कारण कागद डोळ्यांचा होता. मग पुण्याच्या फिजिशियन भाच्याचा फोन आला. कागदाचा फोटो मागवला आणि ओरडलाच, "मामा, मानेच्या नसांची डॉपलर कुठाय? मेंदूचा एमआरआय? ईसीजी, इको?" काहीच नव्हतं. डॉपलर केली तर मानेतली उजवी धमनी ८० टक्के अरुंद. एमआरआयमध्ये उजवीकडे दोन छोटे डाग, जे मला जाणवलेही नव्हते. अशा रुग्णांत साधारण चारात एकाच्या मेंदूत असे ताजे डाग सापडतात, आणि मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांतच सगळ्यात जास्त असतो. ते आठवडे मी चष्म्याची फ्रेम निवडण्यात घालवले. पंधरवड्यात मानेचं ऑपरेशन झालं.

कोडिंगच्या टेबलावरच्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्यासमोर जे लिहून आलं ते तिने भरलं. पण डॉक्टरने "नजर कमी" न लिहिता "धमनी बंद" लिहिलं असतं, तर पुढच्या प्रत्येक वाचणाऱ्याने मानेकडे पाहिलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

विम्याचं थोडक्यात. मेडिक्लेमवाल्यांनी विचारलं, डोळ्याच्या तक्रारीला अ‍ॅडमिट कशाला? डॉक्टरांनी कोड दुरुस्त करून पत्र दिलं, तेव्हा पैसे सुटले. क्रिटिकल इलनेसचा क्लेम मात्र नाकारला, आणि तो नियमाप्रमाणेच. विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांसाठी ठरवलेल्या स्ट्रोकच्या व्याख्येत, फक्त डोळ्यावर किंवा डोळ्याच्या नसेवर परिणाम करणारा रक्तवाहिन्यांचा आजार वगळलेला आहे. मग अंधत्वात बसवा म्हटलं, तर तिथे दोन्ही डोळे ३/६० किंवा त्याखाली हवेत. अपंगत्वाच्या दाखल्यात एक डोळा गेला तर ३० टक्के, सवलतींना ४० लागतात. तीन काउंटर, तिन्हीकडे "साहेब, बाजूच्या खिडकीत."

बँकर म्हणून मला व्याख्या काटेकोर हवी हे कळतं. प्रीमियम त्यावरच ठरतो. पण हे कलम वगळण्यामागचं कारण मला पटत नाही. एमआरआयमध्ये डाग असलेल्या माणसाला निव्वळ डोळ्याचा रुग्ण कसं म्हणणार? किमान एका डोळ्यासाठी रकमेचा काही हिस्सा तरी द्यावा. आणि हॉस्पिटलांनी डिस्चार्जच्या आधी कोड आणि त्याचा साध्या भाषेतला अर्थ घरच्यांना दाखवून सही घ्यावी. कर्जाच्या कागदांवर आम्ही पानोपानी सह्या घेत होतोच की.

घरातल्यांसाठी: एका डोळ्याची नजर अचानक गेली, परत आली तरी, चष्मेवाला नको, १०८ लावा आणि स्ट्रोकची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. सोबत डोकं किंवा चावताना जबडा दुखत असेल तर तेही सांगा. तो धमनीच्या सुजेचा वेगळा आजार असू शकतो; ईएसआर लगेच करतात, नाहीतर दुसराही डोळा जातो.

माझी पूर्ण फाइल, चुकीचा कागद आणि दुरुस्त केलेला दोन्ही, मी जपून ठेवलीय. कोणाला बघायची असेल तर कारेलीबागेत घरी या. संध्याकाळी पाचनंतर असतो. फक्त चहा उजव्या बाजूने पुढे करू नका, दोनदा सांडलाय.